चार दिवसांचे फ्लॉरेन्स

गेल्या वर्षी चैत्रात, एके रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या माजघरात एक लहानशी परिषद भरली. तीर्थरूप अप्पा, मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांची कन्या एवढी मंडळी हजर होती. दिवाळीपूर्वी युरोपात जावयाचे हे ठरलेलेच होते. प्रश्न एवढाच होता की, जावयाचे कोठे आणि कोणी कोणी. मध्यभागी एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक पसरलेले होते. दहा दिवसांत सात शहरे, चार देश, रोज पहाटे उठणे व रात्री नव्या गावी निजणे, असा तो भरगच्च कार्यक्रम. फ्लॉरेन्सच्या वाट्यास त्यात सकाळी अकरा ते दुपारी दोन एवढा वेळ आलेला असून जेवणही त्यातच उरकावयाचे होते.

अप्पांनी भिंग लावून ते पत्रक शेवटपर्यंत वाचले व म्हणाले, "ह्यात काशीने दिसत नाही."

मातोश्रींच्या कानी त्यातील 'काशी' एवढेच पडले. "अहो, युरोपात कुठली आली काशी? भलतेच काय!" असे त्या म्हणताच सारी मंडळी हसली. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात एकतीस वर्षे इतिहास शिकविला आहे. काशीने हे फ्लॉरेन्सच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या काठाकाठाने पसरलेले मोठे उपवन असून, त्याच्या अगदी टोकास एका मराठी राजाची छत्री उभी आहे, ही गोष्ट त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांस सांगितली होती. ती डोळ्यांनी पाहण्याचा योग काही त्यांस आला नव्हता. आमच्या पुतणीस दुसऱ्याच कारणासाठी फ्लॉरेन्स हवे होते. ती वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षास आहे व तेथील महामंदिराचा घुमट हा तिच्या अभ्यासाचा विषय. आजोबा व नात ह्यांचे अशा रीतीने एका शहरावर एकमत झाल्यावर बाकीच्यांस फारसे बोलावयास उरले नाही. पत्रक दुसऱ्या दिवशी मुलांच्या पुस्तकांस वेष्टण म्हणून गेले.

वाद उरला तो अप्पांनी जावे की नाही ह्याचा. वय शहात्तर, उजवा गुडघा अधूनमधून सुजतो, आणि फ्लॉरेन्स हे शहर पायांनीच पाहावयाचे! बंधूंचे मत प्रतिकूल पडले. ते अगदीच अविचाराचे होते असे आम्ही म्हणणार नाही. अप्पा लगेच म्हणाले, "मी घरी राहतो. तुम्ही छत्रीचा फोटो आणा म्हणजे झाले." त्यावर मातोश्री म्हणाल्या, "फोटो तर तुमच्या पुस्तकातही आहे. तेवढ्यासाठी ह्यांनी कशाला जायचे?" निकाल झाला. अप्पा, मातोश्री, आम्ही उभयता व पुतणी असे पाच जण, एकूण आठ दिवस. त्यांतील पुरते चार फ्लॉरेन्सला.

असा बेत आखू इच्छिणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगून टाकतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. परंतु हा पंधरा दिवसांचा आकडा वाचून कोणी निश्चिंत बसू नये. अर्ज देण्यास जावयाची वेळ मिळण्यासच कधी कधी कित्येक दिवस वाट पाहावी लागते. प्रौढ माणसास शुल्क ९० युरो पडते व ३०,००० युरोंपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचा विमा काढावाच लागतो. बँकेचे उतारे, प्राप्तिकराची कागदपत्रे, राहण्याच्या जागेचा पुरावा, जाण्यायेण्याची तिकिटे हे सारे जुळविताना आमच्या ध्यानी आले की, अप्पांच्या पासपोर्टावरील नाव व बँकेतील नाव ह्यांत एका अक्षराचा फरक आहे. चाळीस वर्षे तो कोणास खटकला नव्हता. तो दूर करण्यात तीन आठवडे गेले. वाचकांनी हे काम सर्वांआधी करावे.

ऋतूविषयी म्हणाल तर जुलै-ऑगस्टात तेथे कडक ऊन असते व गर्दीही विलक्षण. शिवाय १५ ऑगस्टच्या सुमारास खुद्द तेथील लोक दुकाने बंद करून समुद्रावर जातात. नोव्हेंबरात पाऊस. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य हा काळ आपल्या वृद्ध मंडळींस मानवण्यासारखा. भारतातून थेट फ्लॉरेन्सला विमान जात नाही. आम्ही रोमला उतरून दोन दिवस तेथे काढले व वेगवान आगगाडीने सुमारे दीड तासात फ्लॉरेन्स गाठले. ही गाडी सांता मारिया नोव्हेल्ला ह्या स्थानकावर येते व ते अगदी गावात आहे. महामंदिर तेथून चालत दहा मिनिटांवर. जुन्या शहराचा सारा पसाराच एवढा आटोपशीर की, त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास रमतगमत गेले तरी अर्ध्यापाऊण तासाहून अधिक लागत नाही. मात्र वाटा सगळ्या दगडी फरसबंदीच्या, आणि त्या फरशा गुडघ्यांस चांगल्या जाणवतात. जागा ठरविताना लिफ्ट आहे किंवा नाही हे स्पष्ट विचारून घ्यावे. जुन्या इमारतींत ती असतेच असे नाही, आणि दुसरा मजला म्हणून सांगतात तो प्रत्यक्षात तिसऱ्यासारखा उंच असतो. आम्ही स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली. दरडोई दर रात्रीचा एक नगरकरही तेथे निराळा द्यावा लागतो; तो हिशेबात धरावा.

आता पाहावयाच्या स्थळांविषयी. पुतणीने मोठ्या मेहनतीने एक यादी केली होती व तीत एकतीस स्थळे होती. चार दिवसांस एकतीस! यादी वाचूनच आमच्या मंडळींचे पाय दुखू लागले. अखेर असा नियम ठरला की, सकाळी एकच मोठे स्थळ, दुपारी जेवून विश्रांती, व संध्याकाळी जवळपासचे काहीतरी लहान. एवढ्याने यादी अकरावर आली. पिट्टीचा राजवाडा, त्यामागील बोबोलीचे उद्यान, पिसाचा कलता मनोरा ह्यांवर आम्ही काट मारली व त्याचे आम्हांस आजही वाईट वाटत नाही. पिसा तर इतके जवळ की, "तेवढे करून येऊ" असे प्रत्येकास वाटते. परंतु त्या 'तेवढ्या'त एक सबंध दिवस जातो.

आमची खरी चूक निराळीच झाली. शनिवार ते मंगळवार असे आमचे चार दिवस होते, आणि उफ्फीझी हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आम्ही सोमवारी ठेवले होते. सोमवारी ते बंद असते! मिकेलांजेलोचा 'डेव्हिड' जेथे आहे ते अकादेमियाही सोमवारी बंद. ही गोष्ट पुतणीच्या लक्षात आली तेव्हा निघावयास दोनच आठवडे उरले होते. तोवर सोयीच्या वेळांची तिकिटे संपत आली होती. मग उफ्फीझी रविवारी सरकले, आणि घुमटावर चढण्याचे सोमवारचे तिकीट न मिळाल्यामुळे घुमट गेला तो शेवटच्या दिवशी, मंगळवारी सकाळी. मंगळवारी संध्याकाळी आमची परतीची आगगाडी. आणि काशीने? त्याच्यापुढे आम्ही लिहिले, 'मंगळवार दुपार, वेळ उरल्यास'. अप्पांनी तो कागद पाहिला व काही न बोलता घडी करून परत दिला.

शनिवारी सकाळी आम्ही अकादेमियात गेलो. ज्या संगमरवरी दगडातून तो सतरा फुटी पुतळा निघाला, तो पूर्वी दोन शिल्पकारांनी हाती घेऊन टाकून दिलेला होता व पुष्कळ वर्षे मंदिराच्या आवारात नुसता पडून होता. १५०१ साली मिकेलांजेलोने तो हाती घेतला तेव्हा त्याचे वय सव्वीस होते, आणि १५०४ पर्यंत पुतळा पुरा झाला. १८७३ पर्यंत तो उघड्या चौकात ऊनपाऊस खात उभा होता. आता चौकात आहे ती प्रतिकृती. मातोश्रींस त्या नग्न मूर्तीपुढे संकोच वाटेल अशी आम्हांस उगीच भीती होती. त्यांनी बराच वेळ न्याहाळून एवढेच म्हटले, "हात किती मोठे केलेत! गोफणवाल्याचेच हात." डेव्हिड हा गोफणीने राक्षस मारणारा पोर आहे हे आम्ही त्यांस सांगितलेले नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावरची गोफण ओळखली होती. त्याच दालनाच्या दुतर्फा ह्याच शिल्पकाराच्या अर्धवट राहिलेल्या बंदिवानांच्या मूर्ती आहेत. दगडातून अंग सोडवून घेऊ पाहणारी ती माणसे आम्हांस तर डेव्हिडहून अधिक काळ दिसत राहिली. संध्याकाळी जवळच सान मार्कोच्या मठात गेलो. पंधराव्या शतकात फ्रा आंजेलिको ह्या साधूने आपल्या बंधू साधूंच्या लहान लहान खोल्यांतून भिंतींवर एकेक चित्र काढून ठेविले आहे. एक खोली, एक खिडकी, एक चित्र. गर्दी नाही. थकलेल्या मंडळींस नेण्यास ह्याहून चांगली जागा नाही.

रविवारी उफ्फीझी. ह्या शब्दाचा अर्थ नुसता 'कचेऱ्या'. मेदिची घराण्याच्या कॉझिमोने राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी १५६० साली वासारीकडून ही इमारत बांधविण्यास आरंभ केला. आत काय काय आहे ह्याची यादी देऊन आम्ही वाचकांस शिणविणार नाही. बोत्तिचेल्लीचे दालन, लेओनार्दोचे दालन व मधली बाके एवढे पुरे. परंतु हा संग्रह तेथे टिकला कसा, ती हकीकत एकत्र कुटुंबातील वाचकांनी अवश्य ऐकावी. मेदिची हे मूळचे सावकार. तीनशे वर्षे त्यांच्या घरात चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने ह्यांचा ओघ चालू होता. १७३७ साली शेवटचा पुरुष वारस निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेनच्या ड्यूककडे जावयाचे ठरले. घरात उरली होती एक बहीण, आन्ना मारिया लुईझा. विधवा व अपत्यहीन. राज्य तिच्या हाती राहणे शक्यच नव्हते; परंतु खासगी संग्रहावर तिचा हक्क होता. तिने नव्या राजघराण्याशी त्याच वर्षी करार केला की, संग्रह तुम्हांस देते, परंतु ह्यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर नेता कामा नये. त्या राज्याच्या शोभेसाठी, लोकांच्या उपयोगासाठी व परक्या प्रवाशांचे मन वेधण्यासाठी आहेत. वाटणीच्या वेळी आपल्याकडे तांब्याची घंगाळी मोजून घेतात ते आठवून आम्ही त्या बाईंस मनोमन नमस्कार केला. दुसऱ्या महायुद्धात तेथील पुष्कळ चित्रे आसपासच्या वाड्यांतून हलविण्यात आली होती. बोत्तिचेल्लीचे 'वसंत' हे चित्र माँतेगुफोनीच्या गढीत होते व १९४४ च्या उन्हाळ्यात त्या भागात लढत असलेल्या आठव्या भारतीय डिव्हिजनचे शिपाई तेथे पोहोचले तेव्हा ते सुरक्षित सापडले. ह्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. अप्पा त्या चित्रापुढे बाकावर बसून राहिले. चित्रासाठी बसले की गुडघ्यासाठी, हे आम्ही विचारले नाही.

जेवणाविषयी थोडे लिहितो, कारण आमच्यासारख्या घरांत अर्धा बेत तेथेच अडतो. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे बाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांसाप्रमाणेच दुधाचे पदार्थही बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे बंद. मातोश्रींची तुपाची बरणी आदल्या रात्री पेटीतून काढावी लागली व त्याचा राग रोमपर्यंत टिकला. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लिंबाचे लोणचे हे मात्र निर्वेधपणे गेले. तस्कानी प्रांताची पाकक्रिया मूळची गरीब शेतकऱ्यांची. तीत पांढऱ्या घेवड्याच्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, टोमॅटो व शिळा पाव ह्यांना मोठा मान. 'रिबोल्लिता' म्हणजे भाजी, घेवडा व शिळा पाव ह्यांचे दोनदा उकळलेले दाट कालवण. आपल्या कुस्कऱ्याचे चुलत भावंड म्हणावयास हरकत नाही. परंतु काही ठिकाणी ते मांसाच्या रश्श्यात शिजवितात, तेव्हा विचारल्यावाचून घेऊ नये. 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा ब्रोदो दि कार्ने', म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको, एवढे कागदावर लिहून आणलेले आम्ही वाढप्यापुढे धरीत असू व तो हसून मान डोलवीत असे. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. कडक नेमाच्या मंडळींनी तेही वर्ज्य समजावे. तेथील पावात मीठ मुळीच नसते. पहिल्या दिवशी आचाऱ्याची चूक झाली असे मातोश्रींस वाटले, पण दुसऱ्या दिवशी त्याच पावाशी लोणचे कसे छान लागते हे त्यांनी शोधून काढले. खाणावळीत नुसते बसण्याबद्दलही दरडोई थोडा आकार लावतात, आणि कॉफी उभ्याने प्यावी तर स्वस्त व बसून प्यावी तर महाग पडते. अप्पांच्या गुडघ्यापायी आम्ही ती सदैव महागच प्यालो.

सोमवारी, संग्रहालये बंद म्हणून, आम्ही महामंदिर व त्यामागचे मंदिराचे स्वतःचे संग्रहालय पाहिले. हे सोमवारी उघडे होते. ज्यांस घुमट चढवणार नाही त्यांनी हे संग्रहालय चुकवू नये. ग्यिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे घालवून ओतलेली सोनेरी दारे मूळ रूपात येथेच आहेत. बाहेर बाप्तिस्म्याच्या मंदिरास बसविलेली ती प्रतिकृती. घुमटाची हकीकत पुतणीने आजोबांस येथेच, लाकडी नमुन्यापुढे उभी राहून सांगितली. महामंदिराचे काम १२९६ साली सुरू झाले. सव्वाशे वर्षांनी भिंती उभ्या राहिल्या आणि वर सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचे भोक उरले! एवढ्या विस्तारास आधार देणारा लाकडी सांगाडा जमिनीपासून उभारणे कोणासच परवडण्यासारखे नव्हते. ब्रुनेल्लेस्की हा मूळचा सोनार. त्याने सांगाड्यावाचूनच घुमट उभा करण्याचे पत्करले. एकात एक असे दोन घुमट, मधून जिना, आणि विटा अशा तिरप्या गुंफलेल्या की, प्रत्येक थर खालच्याच्या आधाराने राहावा व वरचा पुरा होण्यापूर्वी ढासळू नये. विटा-दगड वर नेण्यासाठी त्याने बैलांनी फिरवावयाचा रहाट केला. बैलांस न फिरविताच त्याची गती उलटी करता येत असे. हे सारे १४२० ते १४३६ ह्या सोळा वर्षांत. "एका सोनारास हे काम द्यायला तिथल्या पंचांना धीर कसा झाला?" असे अप्पांनी विचारले. ह्यावर पुतणीपाशी उत्तर नव्हते, व आमच्यापाशीही नाही.

संध्याकाळी सांता क्रोचेत मिकेलांजेलो, माक्याव्हेल्ली व गॅलिलिओ ह्यांच्या समाध्या पाहिल्या. गॅलिलिओ १६४२ साली वारला. परंतु चर्चच्या विरोधामुळे त्याचे अवशेष ह्या मानाच्या जागी येण्यास १७३७ साल उजाडावे लागले. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात ह्याच मंदिरात पाणी शिरून चिमाबुएने रंगविलेल्या तेराव्या शतकातील क्रूसाचा पुष्कळसा रंग धुऊन गेला. तेथून पोंते व्हेक्यो ह्या जुन्या पुलावर गेलो. १३४५ चा हा पूल. त्यावरील खाटिकांची दुकाने १५९३ साली उठवून तेथे सोनार बसविले, ते आजतागायत आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी नदीवरील बाकीचे सारे पूल उडविले व हा एकच ठेवला. पुलाच्या मध्यावर अप्पा पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. "नदी इकडेच वाहते ना?" त्यांनी विचारले. आम्ही "हो" म्हटले व घरी परतण्याची घाई केली, कारण त्यांचा गुडघा सुजू लागला होता.

त्या रात्री मातोश्री आम्हांस स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्या दुपारी पाऊस सांगितलाय ना? अरे, तुम्ही सगळ्यांनी सगळे पाहिले. त्यांचे एकच ठिकाण, आणि तेच तुम्ही सर्वांत शेवटी ठेवलेत. तेही 'वेळ उरल्यास'. तो कागद मीही वाचला आहे." आम्हांस उत्तर सुचले नाही. घुमटाची तिकिटे चार काढलेली होती. वेळ ठरलेली, बदलून मिळण्यासारखी नाही, पैसेही परत नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर एवढ्या लांब येऊन घुमटावर न चढणे आमच्या स्वतःच्याच जिवावर आले होते. चार महिने आम्ही त्याविषयी वाचीत होतो. मंडळींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पुतणीस म्हटले, "उद्या तू एकटीच चढ. आम्ही सकाळीच काशीनेला जातो. उतरलीस की तिकडे ये." चौथे तिकीट काढले तरी होते कोणासाठी, असे वाचक विचारतील. ते अप्पांसाठी होते; त्यांस चढता येणार नाही हे ठाऊक असूनही कोणी 'तीन' म्हणावयास धजले नव्हते.

ह्या स्थळी जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उपवनाच्या पूर्व टोकाशी ट्राम थांबते, परंतु छत्री पश्चिम टोकास, तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर आहे. वृद्धांस टॅक्सीच बरी. टॅक्सी रस्त्यात हात दाखवून सहसा थांबत नाही. तळावर जावे किंवा फोन करावा. साधारण टॅक्सीत चारच माणसे घेतात. आम्ही त्या दिवशी नेमके चार होतो. 'राजाराम महाराजांची छत्री' म्हणून कोणास कळणार नाही. 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', एवढे म्हणावे. छत्रीजवळच आर्नोवर १९७८ साली झालेल्या मोठ्या पुलाचे नावही ह्याच 'भारतीया'वरून पडले आहे. रोज हजारो मोटारी त्याचे नाव घेत जातात, व तो कोण हे त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल.

तो होता कोल्हापूरचा छत्रपती, राजाराम महाराज. शिवछत्रपतींचे चिरंजीव नव्हेत, त्याच नावाचे दुसरे. १८७० साली वयाच्या विसाव्या वर्षी ते इंग्लंडास गेले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, आणि ह्या प्रवासात त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेविली. ती त्यांच्या पश्चात १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. हे शहर त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. बरोबरच्या मंडळींनी हिंदू पद्धतीने दहनाची परवानगी मागितली. तिकडे ही गोष्ट अगदी अपरिचित. इटलीतील पहिली दहनभट्टी मिलान येथे १८७६ साली सुरू झाली, म्हणजे ह्यानंतर सहा वर्षांनी. तरी अधिकाऱ्यांनी खास बाब म्हणून संमती दिली. संगम पाहिजे म्हणून, मुन्योने ही लहान नदी आर्नोस जेथे मिळते ती जागा निवडली, आणि त्या परक्या तीरावर रात्री चिता पेटली. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. खालचा अर्धपुतळा फुलर ह्या इंग्रज शिल्पकाराचा, व छत्रीचा आराखडा मेजर मँट ह्यांचा.

टॅक्सीतून उतरून थोडे चालावे लागले. झाडी ओली होती. झाडांपलीकडे छत्री दिसताच अप्पा थांबले, खाली बसून त्यांनी बूट काढू आरंभिले. "अहो, चिखल आहे! मोजे भिजतील," असे मातोश्री म्हणेपर्यंत मोजे भिजलेही होते. अप्पा तसेच पुढे गेले. खांब, कमानी, त्यांवरची घुमटी हे सारे आपल्या ओळखीचे, आणि भोवती तस्कानीचे वृक्ष. मध्ये रंगविलेला अर्धपुतळा. पागोट्याखालचा चेहरा अगदी पोरसवदा आहे. पुस्तकातील फोटोत ते इतके जाणवत नाही. अप्पांनी हात जोडले. नंतर सारे लेख चश्मा पुसून पुसून वाचले. मग ते संगमाकडे गेले. मुन्योने म्हणजे बांधीव काठांतून येणारा लहानसा प्रवाह. तो आर्नोत कोठे मिसळतो हे नीट पाहिल्यावाचून कळत नाही. "आपली पंचगंगा केवढी मोठी," अप्पा म्हणाले, आणि काही वेळाने, "वीस वर्षांचा पोरगा."

तास दीड तासाने पुतणी आली. ट्रामने उपवनाच्या तोंडाशी उतरून, तेथे मंगळवारचा बाजार भरलेला असल्यामुळे गर्दीतून वाट काढीत, तीन किलोमीटर ती जवळजवळ धावत आली होती. अप्पांनी विचारले, "किती पायऱ्या?" "चारशे त्रेसष्ट, अप्पा. मोजल्या." "आणि आत दोन घुमटांच्या मधून जिना आहे?" "आहे. विटा हाताला लागतात." ह्यावर अप्पांनी तिला छत्रीपाशी नेले व मँटसाहेबांचे नाव सांगितले. ह्याच माणसाने पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. तो वाडा १८८४ साली पुरा झाला तेव्हा मँट जिवंत नव्हते. शाळेच्या सहलीत तिने तो वाडा दोनदा पाहिला होता, पण हे नाव तिला ठाऊक नव्हते. तिने वही काढली व छत्रीच्या खांबांचे माप घेऊ लागली. अप्पा बाजूस उभे राहून पट्टीचे दुसरे टोक धरीत होते, आणि मातोश्रींनी त्यांचे ओले मोजे एका बाकावर वाळत घातले होते.

दुपारी सांगितल्याप्रमाणे पाऊस आला. तोवर आम्ही स्थानकावर पोहोचलो होतो.